हवेवर धरलेलं दार

४ नोव्हेंबर, मंगळवार

"आमचं पोरगं येकटं लोखंडी कपाट माडीवर नेतं. तुमची पोरगी त्याला काय जड हाय?"

मला बघायला आले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे सासरे, माझ्या वडिलांना असं म्हणाले होते. सगळी बैठक हसली. शेखर तेवढा हसला नाही, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या लाल कानांकडे बघून मी होकार दिला, हे खरं आहे. आता ते वाक्य आठवलं की अंगाची आग होते.

आज सकाळी त्याने पाण्याचा मोठा जार खालून वर आणला. जिन्याने. लिफ्ट चालू होती. मी दार उघडलं तर हा जार खांद्यावर घेऊन उभा, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर ते जुनं हसू. मी जार आत ओढून घेतला, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. ते रडणं रागाचं होतं.

ऑपरेशनला अजून वर्षही झालेलं नाही. महाळुंग्याला कंपनीत जड पार्ट उचलायची साखळी बंद पडली होती. सुपरवायझर म्हणाला, दुरुस्त होईपर्यंत हाताने घ्या. बाकीच्यांनी दोघादोघांनी उचललं. याने एकट्याने. मणक्यातली गादी सरकली, डावा पाय बधिर झाला. कंपनीने आधी हलकं काम दिलं, मग गेटवरची खुर्ची दिली, मग घरची दिली. डॉक्टरांनी डिस्चार्ज देताना सांगितलं होतं, दुसऱ्यांदा असं झालं तर पायाची खात्री मी देणार नाही. मला ते रोज ऐकू येतं. याला एकदाही येत नाही.

तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे 'तो' लिहिते. कुठेतरी मला त्याच्यावर ओरडता आलं पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

धंदा माझा आहे, हे निदान इथे तरी लिहून ठेवते.

शेखरच्या घरी पहिल्यापासून लाकूडकामाची हौस. कंपनीत लागायच्या आधी त्याने दोन वर्षं दारं-खिडक्या बसवल्या होत्या. पाठ गेली तेव्हा मी म्हटलं, मला शिकवा. उन्हाळाभर तो पलंगावर पडून सांगत होता आणि मी आमच्याच घरातली दारं काढून पुन्हा लावत होते. अण्णा दोन दिवस संडासला पडदा धरून गेले. "घर हाय का तमाशाचा तंबू?" म्हणायचे.

बिजागऱ्या आल्या, लेव्हल बघणं आलं. अडलं ते वजनाशी. दार स्क्रूच्या भोकासमोर नेमकं धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो, आणि घरातला दुसरा माणूस म्हणजे शेखर. मग मालोजीने पिशव्या आणून दिल्या. मालोजी शेखरबरोबर लाइनवर होता, आता डांगे चौकात किचनच्या ट्रॉल्या बसवणाऱ्या दुकानात आहे. बीडकडचा, बोलायला गोड. "वहिनी, मी काय म्हणायलो, हे बघा तरी," म्हणाला.

काळी चपटी रबरी पिशवी, दोन पंजे मावतील एवढी. रिकामी असली की दाराच्या फटीत सरकते. तिला नळी आणि नळीला डॉक्टर प्रेशर बघताना दाबतात तसला गोळा. गोळा दाबत गेलं की पिशवी फुगते आणि वरचं ओझं उचलते, केसाकेसाने, पाहिजे तिथे थांबते. बटण दाबलं की हवा सोडते. मालोजी तिला एअर बॅग म्हणतो, मी पिशवी म्हणते, अण्णा फुगा म्हणतात.

आज अण्णांना दाखवायचं म्हणून ते लोखंडी कपाटच घेतलं. तेच, माडीवर नेलेलं. पुढच्या दोन पायांखाली पिशव्या सरकवल्या आणि जमिनीवर बसून दोन्ही गोळे दाबले. कपाट एखाद्या म्हाताऱ्यासारखं कुरकुरलं आणि उठलं. माझ्या मनगटाशिवाय काही हललं नाही.

अण्णा बराच वेळ खाली वाकून बघत होते. मग म्हणाले, "ह्याला काय उचालणं म्हणत्यात व्हय? ह्ये तर फशिवलं की कपाटाला."

शेखर हसला. मी त्याच्याकडे बघितलं तर तो कपाटाकडे बघत नव्हता. आपल्या हातांकडे बघत होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रहाटणीत वॉशिंग मशीन. फिरताना सगळं घर हादरायचं. मागचा पाय आखूड होता, पिशवीने वर घेतलं, पाय फिरवून लांब केला, संपलं. बाईंनी चहा दिला तो शेखरला. मी जमिनीवर पालथी होते. बाई त्याला विचारतायत, "मिस्त्री, अजून किती वेळ?" आणि हा खुर्चीवर बसून सांगतोय, "त्यांना विचारा, मिस्त्री त्या आहेत." बाई हसल्या. विनोद वाटला त्यांना.

त्याने यायचं नाही असं मी म्हटलं होतं. तो म्हणतो, घरी भिंती अंगावर येतात. शेवटी अट घातली, यायचं तर खुर्चीवर बसायचं. हत्यारांची पेटी मी उचलणार. निघताना त्याने पेटीला हात घातलाच. वॉचमनसमोर नवऱ्याच्या हातातून पेटी हिसकावून घेणारी बाई कशी दिसते, हे मला कळतं. दिसू दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला बसले कारण ओरडता येत नाही. आत तो पडून आहे आणि अण्णा त्याच्या उशाशी.

देहूरोडचं काम. सुमनताईंचं बैठं घर. जुनं सागवानी दार, दोन माणसांना जड. खालची बिजागरी तुटलेली, दार एका कोपऱ्यावर बसलेलं. तिन्ही बिजागऱ्या बदलायच्या होत्या. उंबरठ्यावर मधोमध घोड्याची नाल ठोकलेली, आणि पिशवी नेमकी तिथेच यायची होती. नालेच्या एका खिळ्याचं डोकं वर आलं होतं.

"ही नाल तेवढी काढावी लागेल," मी म्हटलं.

"नाल नाही हो काढायची," सुमनताई म्हणाल्या. "सासूबाईंनी काळ्या घोड्याची शोधून आणलीय. ती आहे म्हणून घरात आजवर काही वेडंवाकडं झालं नाही."

मी ऐकलं. का ऐकलं? माझ्या घरीही आहे नाल. मीच दर अमावस्येला तिला हळदकुंकू वाहते. तिथे मला खिळा दिसायला पाहिजे होता, मला सुमनताईंच्या सासूबाई दिसल्या. खिळ्यावर फडकं दुमडून घातलं. खरं तर त्यावर प्लाय घालायचा, पण तो आणि तुकडे ढकलायची पट्टी स्कूटरच्या डिकीत राहिली होती. शेखरला आणायला सांगितली असती तर त्याने पट्टीबरोबर आणखी काय काय उचलून आणलं असतं. म्हणून नाही सांगितलं.

आतून कडी लावून दार जागेवर धरलं, बिजागऱ्या सोडल्या, सगळं वजन दोन पिशव्यांवर घेतलं. गोळे दाबले. लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला. फार बरं वाटलं.

पिशवी उचलते, पण सांभाळत नाही. उचललं की लगेच खाली लाकडाचे तुकडे सरकवायचे, तेही पट्टीने, बोटांनी नाही. हे मला शेखरनेच शिकवलंय. पट्टी डिकीत. तेवढ्यात तो खुर्चीवरून अर्धवट उठलेला दिसला. त्याने हात लावायच्या आत संपवावं म्हणून मी तुकडा बोटांनीच आत सरकवायला लागले. तो तिथे नसता तर मी घाई केली नसती.

मग सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा फुस्स आवाज.

मी मान वर करेपर्यंत शेखर दाराशी होता. दोन्ही पंजे दाराच्या कडेला, गुडघे वाकवलेले, जबडा आवळलेला. अख्खं दार धरून उभा. मी हात बाहेर घेतला, तुकडे आत ठोकले, मग त्याने सोडलं. सोडताना त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मी एकदाच ऐकला होता, ऑपरेशनच्या आधी.

"कशाला हात लावलात? कुणी सांगितलं होतं?" मी सुमनताईंसमोर ओरडले. "दार दोन बोटं खाली आलं असतं, एवढंच ना?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "हो. एवढंच."

रिक्षात त्याने डावी चप्पल पायातून पडल्याचं मला सांगितलं नाही. त्याला कळलंच नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

एमआरआय झाला. जुन्या जागेच्या वरची गादी. डॉक्टर चिडले होते, पण माझ्यावर. "ताई, मी तुम्हाला बजावलं होतं. लक्ष कुठे होतं तुमचं?"

लगेच कापायचं नाही म्हणाले. झोपून राहायचं, गोळ्या, मग नवीन वर्षात पुन्हा बघू. पायात संवेदना आली तर आली.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून कंपनीला, सुपरवायझरला, काळ्या घोड्याला आणि लोखंडी कपाटाला शिव्या दिल्या. मनातल्या मनात. मला शिव्याही चांगल्या येत नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तो खोटं बोलतो आहे, हे आज माझ्या लक्षात आलं.

मी त्याला विचारलं होतं, का उचललंत? तर म्हणाला, "सवय गं."

अण्णांना त्याने सांगितलंय, सुमनताईंची नवी फरशी फुटली असती. आज मालोजी भेटायला आला, त्याला सांगत होता, "सागवानी दार राव, कोपरा उडाला असता तर भरून कुठून देणार?"

तिघांना तीन कारणं. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. कप तसेच घेऊन परत गेले आणि चहा मोरीत ओतला. खरं कारण मला ठाऊक आहे. खुर्चीवर बसवलेला माणूस, समोर परकी बाई, आणि बायको जमिनीवर काम करतेय. त्याला एकदा दाखवायचं होतं की अजून उचलतो. बाप म्हणाला होता ना, पोरगं एकटं नेतं म्हणून. त्यासाठी त्याने पाय दिला. माझा विचार केला नाही.

मालोजी जाताना म्हणाला, "वहिनी, त्याला नका रागवू. त्याचं काय चुकलं नाही त्याच्यात."

"तुम्ही पुरुष सगळे एकच," मी म्हटलं.

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आत शेखरकडे बघितलं, आणि मिटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रोज संध्याकाळी त्याच्या पायाला तेल लावते. अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. "कळतंय?" विचारते. "कळतंय," म्हणतो.

आज मी मधेच हात काढून घेतला. दोन्ही हात माझ्या मांडीवर. आणि विचारलं, "आता कळतंय?"

तो छताकडे बघत होता. "हो की. कालच्यापेक्षा जास्त."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कणीक इतकी तिंबली की पोळ्या चिवट झाल्या. अण्णा म्हणाले, "आज पोळीवर राग काढला व्हय सूनबाई?" मी म्हटलं, "मग कुणावर काढू? तुमच्यावर काढू?"

त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. अण्णा मग पुढचा घास मोडताना ताटाकडे बघतच म्हणाले, "काढ. माज्यावर काढ. मीच त्याला सांडावानी वाडवला."

तोही राग मग काढता येईना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुमनताई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मला वाटलं कामाचं विचारायला आल्यात, कारण दार तसंच अर्धवट आहे. पण त्यांनी पहिल्यांदा माझे हातच हातात घेतले, उलटसुलट करून बघितले.

"बोटं बरी आहेत ना? मी तर डोळेच मिटून घेतले होते."

"माझ्या बोटांना काय झालंय?"

"अहो, हात आत होता तुमचा. पार मनगटापर्यंत. तुम्ही तर खाली बघत होतात. तुमचे मालक खुर्चीवरून असे आले, मला वाटलं पडले की काय."

मी म्हटलं, "मी हात काढला असता. आवाज आला होता मला."

"असेल बाई," त्या म्हणाल्या. समजूत काढल्यासारखं.

त्यांच्या त्या 'असेल बाई'चा मला इतका संताप आला की त्या गेल्यावर लाडवांचा डबा तसाच कपाटावर ढकलून दिला. ज्या बाईने खिळ्याचं डोकं उंबरठ्यावर राखून ठेवलं तिने मला सांगायचं? काढला असता मी हात. काम माझं आहे. माझे हात मला ठाऊक आहेत.

१ डिसेंबर, सोमवार

दार पुरं करायला देहूरोडला गेले. मालोजीने सुट्टी काढली होती. पट्टी घेतली, प्लाय घेतला, फुटकी पिशवीही बरोबर घेतली. मालोजी म्हणाला, तिचं काय करायचं? मी म्हटलं, मला एक बघायचंय.

नालेबद्दल मी या वेळी विचारलं नाही. पक्कड घेतली आणि तो खिळा उपटला. सुमनताई बघत राहिल्या. नाल बाकीच्या खिळ्यांवर राहिली.

काम संपवायच्या आधी दार पुन्हा पिशव्यांवर घेतलं, त्या दिवशीसारखंच. फुटक्या पिशवीच्या भोकावर मालोजीने अंगठा दाबून धरला. मी सुमनताईंकडून एक गाजर मागून घेतलं. त्या दिवशी जशी बसले होते तशी बसले, गाजराचं टोक धरून ते दाराखाली घातलं.

"वहिनी, हे काय करायलाव?"

"मला न सांगता अंगठा काढा. आवाज आला की मी गाजर ओढणार."

"नका ना असलं काही करू."

"काढा म्हणते ना."

तो काढेना. माझ्याकडे बघत बसला. मी दुसरीकडे बघायला लागले, सुमनताईंच्या खिडकीतल्या तुळशीकडे. आणि मग तो आवाज आला.

मी ओढलं. लगेच ओढलं. माझ्या हातात गाजराचं शेपूट आलं. बाकीचं दाराखाली होतं, त्याचं पाणी उंबरठ्यावरून नालेपर्यंत आलं होतं.

सुमनताई आत गेल्या आणि फडकं घेऊन आल्या. मी तुकडे घातले, बिजागऱ्या लावल्या. दार एका बोटाने फिरतं आहे आता.

परत येताना मालोजी सिग्नलला म्हणाला, "त्यानं मला शपथ घातली होती वहिनी. म्हणाला, तिला कळलं तर ती परत हत्याराला हात लावणार नाही."

४ डिसेंबर, गुरुवार

मला वाटलं होतं, कळल्यावर राग जाईल. गेला नाही. वाढलाय. आधी तो ठेवायला जागा होती, कंपनी होती, अण्णा होते, याची मिजास होती. आता ठेवू कुठे? माझ्या दहाही बोटांनी मी आज भांडी घासली, वांगी चिरली, हे लिहिते आहे. आणि आतल्या खोलीत त्याचा पाय चादरीखाली तसाच पडलाय, दुसऱ्याचा असल्यासारखा.

मला न विचारता सौदा केला त्याने. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बोटं जाऊ द्या. शिवण येते मला, स्वयंपाक येतो, डाव्या हाताने येतो. तुम्ही चाला. पण विचारायला वेळ नव्हता, हे त्या गाजराने मला दाखवलं, आणि म्हणून तर जास्तच राग येतो.

त्याला सांगितलेलं नाही की मला कळलंय. संध्याकाळी तेल लावताना "कळतंय?" विचारणं मात्र बंद केलं. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. आज म्हणाला, "वाकडमध्ये सहा दारांचं काम आलंय म्हणतो मालोजी. घे तू. जानेवारीत मी यायला लागेन. खुर्चीवर बसेन, शपथ."

मी त्याच्याकडे बघितलं. खुर्चीवर बसेल तो. बसून माझ्या हातांकडे बघत राहील. मागेही तो तेच करत होता, मी त्याला पेटीकडे बघतोय समजत होते. आणि पुन्हा कधी आवाज आला, तर खुर्ची आणि दार यांच्यामध्ये त्याला स्वतःचा पाय दिसणार नाही, डॉक्टर दिसणार नाहीत, मी घातलेली अट दिसणार नाही.

म्हणून वाकडचं काम घ्यायच्या आधी एक गोष्ट मागून घेणार आहे. उद्या सकाळी, अण्णा देवळात गेले की. तो आधी हसण्यावारी नेईल, मग कूस बदलायला बघेल, ती बदलता येणार नाही, मग डोळे मिटून नाही म्हणेल. पट्टी कायम वापरेन, घाई करणार नाही, हे सगळं मी कबूल करेन, तरी नाहीच म्हणेल. बावीस वर्षांत मी त्याच्याकडे फार काही मागितलेलं नाही. हे मागणार आहे.

अहो, परत कधी दार सुटलं तर पडू द्या. खाली माझा हात असला तरी पडू द्या.